रस्त्याचे टप्पे आणि पावसाचा धडाका

मुंबई-गोवा महामार्ग म्हटला की सगळे खड्ड्यांवर बोलतात. मी रस्त्याच्या खालच्या अंगाला शेती करतो, म्हणून पाण्यावर लिहितोय.

पनवेल ते इंदापूर चौपदरीकरण २०११ ला सुरू झालं. पुढे इंदापूर ते झाराप असे दहा टप्पे पाडले. आमचं खेड कशेडी आणि भोस्ते या दोन घाटांच्या मधे. टप्पे पाडायला माझी हरकत नाही, एवढा डोंगर एका दमात कापून होत नाही. हरकत आहे ती टप्प्याच्या आतल्या क्रमाला. आधी कटिंग, मग भराव, आणि गटार सगळ्यात शेवटी! कोकणात चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. कापलेला डोंगर गटाराविना एक जरी पावसाळा राहिला, तरी माती खाली आलीच म्हणून समजा.

आमच्या डोंगराची रचना बघा. वर जांभा, खाली मऊ शेडी. जांभ्यातून पाणी झिरपतं, शेडीवर अडतं आणि आडवं वाहून झऱ्याला लागतं. उभं कटिंग केलं की शेडी उघडी पडते, भिजून सुटते, आणि वरच्या जांभ्याचा आधारच जातो. परशुराम घाटात २०२२ च्या जुलैत दरडीमुळे वाहतूक बंद ठेवावी लागली, ते सगळ्यांनी पाहिलं. खालच्या शेतात काय होतं ते बातमीत येत नाही.

माझ्याकडे पऱ्या दोन वाटांनी उतरायचा. भरावाखाली मोरी एकच ठेवली. सगळं पाणी एका तोंडाने चोंढ्यात घुसलं. लावणी होऊन बारा दिवस झालेले, तीन गुंठ्यांवर वीतभर लाल चिखल. भात गेलंच, पण त्या मातीला कडक पापडी धरली आणि मागून पेरलेला वालही नीट उगवला नाही. मोबदला मिळाला तो रस्त्यात गेलेल्या जमिनीचा. राहिलेल्या जमिनीचं विचारलं, तर उत्तर आलं, "काम अजून पूर्ण नाही." काम पूर्ण होईपर्यंत आम्ही पेरायचं नाही का?

सध्या मोरीच्या तोंडाशी गाळखड्डा खणलाय, शेताच्या वरच्या बांधावर वाळ्याच्या दोन ओळी लावल्यात. गाळ बराच अडतो. पण पाण्याचा जोर मोडायला दुसरी मोरीच हवी.

ज्यांच्याकडे काम यायचं आहे त्यांनी भर जुलैत पऱ्याच्या प्रत्येक वाटेचे फोटो काढून ठेवा. गावनकाशाची नक्कल जोडून जानेवारीतच लेखी अर्ज द्या, ग्रामसभेचा ठराव घ्या. मागणी एकच ठेवा: ३१ मेच्या आत जेवढं कटिंग, तेवढं गटार. भराव एकदा चढला की मोरी वाढवायला कुणी येत नाही.

शेडीच्या उतारावर वाळ्यापेक्षा दुसरं काही टिकलेलं कुणी पाहिलं असेल, तर खाली जरूर लिहा.