पठाणकोटचे दोन हल्ले

१९६२च्या चीन युद्धात आपली लढाऊ विमानं जमिनीवरच राहिली. त्यानंतर हवाई दल वाढवायचं ठरलं, मोठी भरती निघाली आणि निफाडकडची आम्ही काही पोरं त्यात लागलो. मी तांबरमला इंजिन फिटर झालो आणि सप्टेंबर १९६५मध्ये नॅट विमानांच्या तुकडीबरोबर पठाणकोटला पोचलो. नॅट इतकं बुटकं की शिडी न लावता, उभ्याउभ्या बरंचसं काम उरके.

६ सप्टेंबरच्या संध्याकाळी पाकिस्तानी सेबर विमानं आली. वरून झाकलेली जागा तळावर कुठेच नव्हती. आम्ही खंदकात पालथे पडलो, डोक्यावरून तोफांचा कडकडाट गेला, आणि मान वर केली तेव्हा मिस्टेअर विमानं पेटलेली. दोन नवी कोरी मिग-२१सुद्धा गेली. तेव्हा देशात मिग होती जेमतेम एका स्क्वाड्रनपुरती! जळत्या केरोसीनचा तो वास रात्रभर नाकातून गेला नाही. त्या हल्ल्यात एकही वैमानिक आकाशात हरला नव्हता आणि तरी दहाच्या आसपास विमानं आम्ही गमावली, याचा संताप मला आजही येतो.

पुढच्या सहा वर्षांत खरं हवाई दल उभं राहिलं, असं माझं ठाम मत आहे. आमच्या घराजवळ ओझरला मिगचा कारखाना सुरू झाला. जून १९६७मध्ये इस्रायलने इजिप्तची विमानं जमिनीवरच संपवली, तेव्हा तर विमानं झाकून ठेवायलाच हवीत याबद्दलची उरलीसुरली शंकाही फिटली. तळातळावर विमानं ठेवायला काँक्रीटचे, वरून मातीने झाकलेले निवारे, म्हणजे पेन, उठले. पठाणकोटच्या पेनमध्ये हंटर विमानाचं इंजिन चालू केलं की भिंतीवर टेकलेला हात थरथरे, पण भिंत हलत नसे.

३ डिसेंबर १९७१. पुन्हा संध्याकाळ, पुन्हा पठाणकोट. या वेळी बॉम्ब धावपट्टीवर पडले, तिला खड्डे पडले. विमानं मात्र पेनमध्ये सुखरूप होती. रात्रभर खड्डे बुजवणं चाललं आणि आम्ही टॉर्चला कापड गुंडाळून इंधन भरलं, तोफा भरल्या. ४ तारखेच्या सकाळी आमचे हंटर सीमेपलीकडच्या तळांवर चालून गेले.

वैमानिकांच्या शौर्याला वीरचक्रं मिळाली, मिळायलाच हवी होती. पण ते पेन बांधणारे गवंडी, मजूर आणि मिलिटरी इंजिनिअर सर्व्हिसेसचे (एमईएस) कर्मचारी यांची नावं युद्ध-इतिहासात सहसा दिसत नाहीत. त्यांच्यापैकी कुणी तुमच्या घरात, गावात असेल, तर त्यांच्या आठवणी लिहून घ्या.