ग्राझचे सुभेदार

सुभेदारांची पहिल्यांदा गाठ पडेल तेव्हा नमस्कार राहू द्या, दार आपटा. हळू लावलेल्या दाराला ते दार मानत नाहीत. ‘दार आपटू नकोस’ ऐकत लहानाचा मोठा झालेला पुणेकर पाहुणा आदबीनं दार टेकवतो आणि समोर ‘दार उघडं आहे’ची खूण जळत राहते. मग डॉक्टरबाई मागे न बघता सांगतात, ‘जोरात. अजून. शेजाऱ्याशी भांडून आलोय असं समजा.’ दार बसतं आणि पलीकडच्या फुटपाथवरचा कुत्रा उठून उभा राहतो. गाडी हलली की सगळी कुलुपं एकदम खटाककन पडतात. या एका आवाजावर जगभर माणसं भाळलेली आहेत, आणि त्यांतली काही एरवी चांगली हिशेबी आहेत.

पूर्ण नाव मर्सिडीज-एएमजी जी ६३. बाजारातलं नाव जी-वॅगन. सुभेदार हे मी ठेवलेलं. मुक्काम बाणेर, चाकरी सदाशिव पेठ. डॉक्टरबाईंचं प्रसूतिगृह तिथल्या एका गल्लीत आहे. सकाळी नऊला निघायचं, दुपारी उशिरा परतायचं, आणि बाळांना घड्याळ कळत नसल्यामुळे अधूनमधून रात्री-अपरात्रीही जायचं. साडेतीन कोटींच्या वरचा ऐवज रोजच्या ड्यूटीला, हे ऐकून लोक हळहळतात. सुभेदार हळहळत नाहीत. घरी झाकून ठेवलेले त्यांचे भाऊबंद कसे फुगतात, हे त्यांना ठाऊक असावं.

बाईंनी ह्यांनाच का निवडलं, हा त्या घरातला अजून दुखरा विषय आहे. यजमान सीए. त्यांनी गाड्यांचा एक्सेलचा तक्ता केला. मागच्या सीटवरचा आराम, वळणावरची पकड, डिकी, ॲव्हरेज, रीसेल, सगळे रकाने. पोर्शची केयेन निम्म्याहून कमी किमतीत आणि वळणावर कितीतरी शहाणी. रेंज रोव्हर स्पोर्ट अंगानं मऊ, शिवाय आता पुण्यातच जुळवतात. सुभेदार एक रीसेल सोडला तर जवळजवळ प्रत्येक रकान्यात हरले. किंमत एक्स-शोरूम ३ कोटी ६० लाख, ऑक्टोबर २०२४ मध्ये हा नवा अवतार भारतात आला तेव्हाची; महाराष्ट्र सरकारचा रोड टॅक्स वर वेगळा. बाई तक्ता घेऊन शोरूममध्ये गेल्या, आत बसल्या, दार ओढलं. तो तक्ता अजून डॅशबोर्डच्या कप्प्यात आहे. त्याच्या पाठीवर टायरच्या हवेचे आकडे लिहिलेत.

घराणं फौजी. मर्सिडीज आणि ऑस्ट्रियाची स्टायर-डायम्लर-पुख यांनी मिळून १९७९ मध्ये ग्राझ गावी ह्यांच्या थोरल्या भावंडांना जन्म दिला. इराणच्या शहानं लष्करासाठी हजारोंची मागणी नोंदवली होती आणि त्याच वर्षी त्याचं तख्तच गेलं, अशी एक कथा घराण्यात सांगतात. फ्रेंच सैन्यात ह्यांची एक शाखा प्यूजोच्या नावानं रुजू झाली. १९८० मध्ये पोप जॉन पॉल दुसरे जर्मनीला आले तेव्हा पाठीवर काचेची खोली बांधून त्यांना मिरवलं ते ह्यांनीच. १९८३ ची पॅरिस-डाकार शर्यतही जिंकली. एवढा इतिहास असलेला माणूस आज औंधच्या सिग्नलला रिक्षामागे उभा असतो, म्हणजे थोडा तिरसटपणा समजून घ्यायला हवा.

चाकणला मर्सिडीजचा कारखाना आहे. तिथल्या सी आणि ई-क्लास गाड्या सुभेदारांना सख्ख्या नात्यातल्या. पण हे स्वतः तयार होऊन ग्राझहून आलेले, आणि हा फरक ते कुणाला विसरू देत नाहीत.

‘आम्ही बदललो नाही’ ही त्यांची सर्वांत मोठी फुशारकी, आणि तिच्यात अर्धी थाप आहे. चौकोनी डबा, सपाट काच, बाहेर दिसणाऱ्या बिजागऱ्या, गोल दिवे, बॉनेटच्या दोन्ही कोपऱ्यांवर उभे इंडिकेटर, पाठीवर स्टेपनी. सगळं १९७९ सालचं. पण २०१८ मध्ये आतला माणूस जवळजवळ पुरता बदलला. दारांची हँडलं, स्टेपनीचं झाकण आणि अशा दोन-चार किरकोळ वस्तू तेवढ्या जुन्या राहिल्या. पुढचा अख्खा दांडा गेला आणि दोन्ही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन आलं. स्टिअरिंग आधुनिक झालं, रुंदी १२ सेंटिमीटरनं वाढली. या अवताराच्या डेट्रॉइटमधल्या अनावरणाला कंपनीनं १९७९ ची एक गाडी ४४ टन पारदर्शक राळेत गोठवून दाराशी ठेवली होती, काळ आमचं काही वाकडं करू शकत नाही हे दाखवायला. आत मांडलेल्या पुतण्याच्या अंगात मात्र काळ चांगलाच शिरलेला होता. माझ्या मते हा सौदा चोख आहे. जुना चेहरा टिकवायला माणसं याहून जास्त खर्च करतात आणि त्यांच्या गुडघ्यांचं काहीच होत नाही.

आवाजाचं सांगायलाच हवं. ४ लिटरचं व्ही-८ इंजिन, दोन टर्बो, ५८५ अश्वशक्ती. धुराडी मागे नाहीत. मागच्या चाकांच्या अलीकडे, पायरीखाली, दोन्ही अंगांना. रात्री अडीचला हॉस्पिटलातून फोन येतो आणि बाई खाली येऊन बटण दाबतात. सुभेदार आधी एकदा दणदणीत खाकरतात. बेसमेंटच्या खांबाखांबांवर आपटून ती खाकर जिन्यानं वर चढते. आवाज मवाळ करायची सोय आहे, पण ती वापरेपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये यावर रीतसर तक्रार झाली. तक्रार मांडणाऱ्या चौथ्या मजल्यावरच्या काकू आता सकाळी लिफ्टमध्ये बाईंना गाठून विचारतात, ‘रात्री काय झालं हो, मुलगा की मुलगी?’

हे इंजिन जर्मनीत आफाल्टरबाखला एकाच कारागिरानं पहिल्यापासून शेवटपर्यंत जुळवलेलं असतं आणि त्याच्या सहीची पट्टी वर लावलेली असते. बाई रोज जन्माच्या कागदांवर सह्या करतात, त्यामुळे ही पट्टी पाहून त्यांना जरासुद्धा नवल वाटलं नाही. ‘आणि वजन?’ एवढंच विचारलं. वजन अडीच टनांच्या वर.

आता पेठेतली गल्ली. आरसे धरून सुभेदारांची रुंदी दोन मीटरहून जास्त, आणि एका बाजूला सम-विषम तारखेनं लावलेल्या स्कूटरी. इथे ह्यांची फजिती पाहायला मी मुद्दाम एकदा शेजारी बसलो आणि निराश होऊन उतरलो. उंच ताठ बैठक, समोर टेबलासारखं सपाट बॉनेट, आणि त्याच्या टोकांवर ते दोन इंडिकेटर. नुसती शोभा वाटावी असे ते पितरांच्या काळचे दिवे म्हणजे नेमबाजाच्या माश्या आहेत; आपला कोपरा नेमका कुठे संपतो ते ड्रायव्हरला बसल्या जागी दिसतं. फुगीर नाकाच्या नव्या गाड्यांत हे सुख नाही. दूधवाल्याची सायकल आणि महावितरणचा डबा यांच्यामधून बाईंनी ते अडीच टन असे नेले की सायकलीची घंटीसुद्धा वाजली नाही. वळायची वेळ आली तेव्हा मात्र सुभेदारांचा कणा ताठ. पूर्ण वळायला तेरा मीटरच्या वर जागा लागते. गल्लीच्या तोंडाशी पुढे, मागे, पुन्हा पुढे. तोवर मागे पीएमपीएमएलची बस येऊन उभी राहते आणि कंडक्टर खाली उतरून, न विचारता, ‘येऊ द्या, येऊ द्या’ सुरू करतो.

डिकीचं दार वर जात नाही, कपाटासारखं बाजूला उघडतं, आणि त्यावर ती स्टेपनी. म्हणजे मागे ऐसपैस जागा हवी. पेठेत मागे जागा असली की तिथे स्कूटर लागते. बाईंच्या सुटकेसेस कित्येकदा मागच्या सीटवरून आत-बाहेर होतात, हॉस्पिटलच्या मावशी आणि मामा दोन टोकांना उभे राहून.

ॲव्हरेज विचारू नका. सभ्य माणसं विचारत नाहीत. टाकी १०० लिटरची आहे, शहरात लिटरला चार-पाच किलोमीटर, हिशेब तुमचा तुम्ही करा. हलक्या चालीत आठांपैकी चार सिलिंडरं झोपी जातात, ही काटकसर सुभेदार गंभीर चेहऱ्यानं सांगतात. पंपावरचा पोऱ्या शून्य दाखवून नळी लावतो, पलीकडच्या तीन मोटारसायकली भरून पाठवतो, परत येतो, तरी हे पितच असतात.

हवेशी त्यांचं पिढीजात वैर आहे. उभी काच घेऊन ते वाऱ्यात सरळ छाती काढून शिरतात. नव्या अवतारात काचेच्या कडांना आणि टपाला थोडी गोलाई दिली आहे, पण सुभेदार त्याबद्दल बोलत नाहीत. द्रुतगती मार्गावर त्यांचा खरा कोंडमारा. शून्यावरून शंभराला ते साडेचार सेकंदांच्या आत पोचतात. पुढे पनवेलपर्यंत शंभरच, आणि घाटात तेवढेही नाहीत, कारण वर कॅमेरे लावलेत. उरलेली अश्वशक्ती बसून गाणी ऐकते.

डॅशबोर्डच्या मधोमध तीन बटणं आहेत. तीन डिफरन्शियल लॉक: मधला, मागचा, पुढचा. तिन्ही लावले की एका चाकाला पकड असली तरी गाडी चिखलातून निघते, आणि हे खरोखर खरं आहे. ग्राझजवळच्या शोकल डोंगरावर ह्या घराण्याची परीक्षा घेऊन मगच बाहेर सोडतात. सुभेदारांचा सगळा अभिमान त्या तीन बटणांत आहे. सदाशिव पेठेत त्यांचा उपयोग म्हणजे बाईंच्या भाचीला मोजायला शिकवणं. एकदा मुळशीकडे ऐन पावसात कुणाची तरी हॅचबॅक बांधाकडेला रुतलेली दिसली. सुभेदारांच्या आयुष्यात अखेर युद्ध आलं. यजमान दोर कुठे अडकवायचा ते पुस्तकात शोधू लागले. सूचीपर्यंत पोचले असतील नसतील, तेवढ्यात गावातली एक बोलेरो आली, ड्रायव्हरनं बिडी न विझवता साखळी लावली आणि हॅचबॅक ओढून काढली. जाताना त्यानं सुभेदारांकडे बघून विचारलं, ‘तुमची बी अडकलीया का?’

त्याहून नाजूक जागा म्हणजे फोर्सची गुरखा. तोच चौकोन, तेच गोल डोळे, वर नाकाशी सोंड. फोर्सचं मुख्य ठाणं आकुर्डीला, मर्सिडीजसाठी चाकणला इंजिनं जुळवण्याचं कामही तीच कंपनी करते, आणि गुरखाच्या डिझेल इंजिनाचं मूळही मर्सिडीजपर्यंतच जातं. म्हणजे नातं नाकारायची सोय नाही. चांदणी चौकात दोघं शेजारी उभे राहिले की गुरखाच्या अंगावर ताम्हिणीचा लाल चिखल असतो आणि सुभेदार नुकतेच फेसानं धुतलेले. गुरखाचा पोरगा काच खाली करून अंगठा दाखवतो. सुभेदार समोरच बघतात.

माणसांवर त्यांची छाप पडते ती मात्र निर्विवाद. मंगल कार्यालयाचा वॉचमन दुरून ओळखून व्हीआयपी गेट उघडतो आणि सॅल्यूट ठोकतो. मग दार उघडतं आणि सुती साडीतल्या, जेमतेम पाच फुटी बाई पायरीवरून मागं वळून, शिडी उतरावी तशा खाली येतात. वॉचमन त्यांच्याकडे बघत नाही, मागच्या सीटकडे बघतो. ‘मॅडम, साहेब मागून येतायत का?’ बाई चावी पर्समध्ये टाकतात आणि म्हणतात, ‘साहेब मेट्रोनं येतात. त्यांना परवडत नाही.’

अलीकडे धाकट्या चुलतभावाचं आगमन झालं आहे, जी ५८०. पुरता विजेवर चालणारा, चार चाकांना चार मोटारी, जानेवारी २०२५ मध्ये ३ कोटींना भारतात आला. तो जागच्या जागी गर्रकन स्वतःभोवती फिरतो. यजमानांनी त्याचा व्हिडिओ बाईंना दाखवला. नवा तक्ता तयार होताच. बाईंनी दोनदा पाहिला.

‘हे डांबरावर करता येतं का?’

‘नाही गं. मोकळ्या मातीवरच करायचं, असं लिहिलंय.’

‘मग हरकत नाही,’ बाई म्हणाल्या, ‘आमची गल्ली वर्षातले आठ महिने खणलेलीच असते.’