रिकाम्या रानाचा सातबारा

तर झालं असं की, मागच्या शनिवारी मी पालीला घरी होतो. बीडच्या जवळ, बिंदुसरा धरणाशेजारचं आमचं गाव. चुलतभाऊ लग्नाच्या शूटिंगची कामं करतो. त्यानं नवी २४० जीबीची यूएसबी एसएसडी घेतलेली. "दादा, सोमवारी लग्न आहे. अक्षता पडायच्या आत कार्ड रिकामं करून परत कॅमेऱ्यात टाकावं लागतं. ही डिस्क पुरंल का, बघ की जरा."

कंपनीत रोज हेच करतो, त्यामुळे कॉलर ताठ. डिस्क एक्स्ट४ मध्ये फॉरमॅट केली आणि एफआयओ चालवलं. (हे टूल येन्स आक्सबोचं, लिनक्समधला डिस्कशी बोलणारा भाग सांभाळणारा डॅनिश माणूस.) साइझ ६४ जीबी, जॉब चार, टेस्ट वाचनाची. वाचायला आधी फाइली हव्यात, म्हणून एफआयओ त्या लिहायला बसलं. आमची जेवणं झाली, गप्पा झाल्या. तासाभरानं स्क्रीनवर एरर: फाइल मांडताना जागा संपली, थांबतोय.

कोऱ्या डिस्कवर जागा संपली?? बराच वेळ डोकं खाजवल्यावर उजेड पडला. साइझ दर जॉबला वेगळा धरतात. ६४ चोक २५६! (याच चुकीवरून मी ट्रेनीला बोललोय. असो.)

आता परत तासभर कोण थांबणार? एफ-अलोकेट कमांड देऊन ६४ जीबीची एकच फाइल केली. क्षणात झाली. तयार फाइल दिसल्यावर एफआयओनं काही लिहिलं नाही, थेट वाचायला घेतलं. निकाल: सेकंदाला ९ जीबी! "लई भारी आहे, बिनधास्त वापर," असं सांगून मी मोकळा.

संध्याकाळी धरणाकडे फिरताना खटकलं. यूएसबी ३.० ची वायर सेकंदाला ५ गिगाबिटची. म्हणजे कागदोपत्रीसुद्धा सव्वासहाशे एमबी. मग ९ जीबी आले कुठून? घरी येऊन परत चालवलं, शेजारी आयोस्टॅट लावलं. डिस्कवरून वाचन शून्य.

एफ-अलोकेट जागा फक्त नावावर करून देतं, तिथं काही लिहीत नाही. सातबाऱ्यावर नाव चढलं, पण रानात नांगर फिरलेला नाही. तिथं काय पिकलंय विचारलं तर तलाठी कागद बघूनच "काही नाही" म्हणणार, रानात जाईल कशाला? एक्स्ट४ तेच करत होतं. डिस्कला हातही न लावता मेमरीतून शून्यं देत होतं, आणि मी त्या शून्यांचा स्पीड मोजत होतो.

मग फाइल खरोखर लिहून बघितली. सुरुवातीला ४००, दहा-बारा जीबीनंतर ४५ एमबी. स्वस्त एसएसडीत पुढं थोडीशी वेगवान जागा असते, ती भरली की खरा वेग दिसतो. गंमत म्हणजे हे दुपारीच कळायला हवं होतं. एरर येईपर्यंत दोनशेच्या आसपास जीबी लिहायला तास लागला होता. साधा भागाकार!

भावाला सांगितलं, ६४ जीबीचं कार्ड रिकामं व्हायला वीस मिनिटं धर.

"मग दुपारी लई भारी म्हणला ते?"

रविवारी बीडला जाऊन आणखी दोन कार्डं आणली. पैसे मी दिले.