शिशाला हाडांची ओढ
ओकलंडची साउथ प्रेस्कॉट ही वस्ती वेस्ट ओकलंड स्थानकापासून पायी गाठता येते. जुनी लाकडी घरे, त्यांपुढे चिमुकली अंगणे. घरांच्या जुन्या रंगातले आणि मोटारींच्या पेट्रोलमधले शिसे या मातीत वर्षानुवर्षे मुरत गेले. रांगते मूल मातीचे हात तोंडात घालणारच! असे पोटात गेलेले शिसे मेंदूची वाढ खुंटवते आणि पुढे कॅल्शियमची जागा घेत हाडांत दीर्घकाळ ठाण मांडून बसते.

आम्हा डॉक्टरांना छळणारी शिशाची ही हाडांची ओढ येथे उपयोगी पडली. २०११ च्या सुमारास अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने अलास्कातील पोलॉक माशांच्या हाडांची भुकटी अंगणांच्या मातीत कालवली. हाडांतील ॲपेटाइट या खनिजातले फॉस्फेट शिशाला बांधून घेते आणि पायरोमॉर्फाइट हे जवळजवळ न विरघळणारे खनिज तयार होते. ते चुकून गिळले गेले, तरी रक्तात फारसे न शिरता शौचावाटे बाहेर पडते.

शिसे नाहीसे झालेले नाही, ते मातीतच आहे. म्हणून मुलांचे हात धुणे सुटत नाही. एका कुंपणाशी थांबून मी मुद्दाम खोल श्वास घेतला. मासळीचा नव्हे, ओल्या गवताचा वास आला.