बेतवाकाठचे इंधन

झाशीचे नाव निघताच मराठी मनापुढे राणी लक्ष्मीबाईंची तेजस्वी मूर्ती उभी राहते. किल्ल्याच्या बुरुजावर चढलेल्या प्रवाशाला मात्र बुंदेलखंडाचे दुसरेही रूप दिसते: खडकाळ टेकड्या, उथळ तांबूस माती आणि पावसाच्या लहरीवर विसंबलेली गहू, हरभरा, तीळ व भुईमूग यांची शेते. सुगी सरल्यावर या शेतांत जे उरते त्याचे काय करावे, हा येथील जिव्हाळ्याचा प्रश्न आहे.

पंजाब-हरियाणात भाताचा पेंढा शेतातच पेटविला जातो व त्याचा धूर दिल्लीपर्यंत पोचतो. असा काडीकचरा दाबून त्याच्या कांड्या कराव्यात आणि त्या वीजकेंद्रांत कोळशाबरोबर जाळाव्यात, यासाठी केंद्र शासनाने २०२१ साली ‘समर्थ’ ही मोहीम हाती घेतली. झाशीजवळ पारीछा येथेही कोळशावर चालणारे मोठे वीजकेंद्र आहे. तेव्हा येथील अवशेषही तिकडे का धाडू नयेत, असे कोणासही वाटेल. परंतु येथे गव्हाचा भुसा हा कचरा नव्हे, गुरांचा घास आहे. चारा संपला की गुरे मोकाट सोडण्याची ‘अन्ना प्रथा’ या भागात आहे आणि ती गुरे उभी पिके फस्त करतात. भारतीय चराऊ कुरण व चारा संशोधन संस्था १९६२ पासून याच शहरात कार्य करीत आहे.

मग जाळावे तरी काय? याचे एक उत्तर झाशीपासून जवळच, बेतवेच्या काठी वसलेल्या ओरछा येथे मिळाले. तेथील ‘ताराग्राम’ केंद्रात १९९६ साली वायुजनक यंत्र सुरू झाले. त्याचे इंधन होते बेशरम! तळ्यांच्या व नाल्यांच्या काठी माजणाऱ्या या झुडपाला गुरे तोंड लावीत नाहीत. त्याची वाळकी खोडे अपुऱ्या हवेत जाळली, की कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन असलेला ज्वलनशील वायू निघतो. तो गाळून, थंड करून एंजिनात सोडला, की डिझेलची मोठी बचत होते. एका युनिट विजेस सुमारे १ ते १.५ किलो वाळके इंधन लागते. ही वीज हातकागदाच्या उद्योगास मिळाली व त्या उद्योगात आसपासच्या स्त्रियांना काम मिळाले.

यातील अर्थशास्त्र सरळ आहे. काडीकचरा वजनाने हलका, पण जागा फार अडविणारा. तो दूर वाहून नेला तर नफा वाटेतच सरतो. यंत्र दिवसातून दोन तासच चालले तर वीज महाग पडते. म्हणून इंधन जवळचे हवे आणि वीज दिवसभर वापरणारा उद्योगही शेजारीच हवा.

पर्यावरणाचा हिशेबही असाच चोख ठेवावा लागतो. वनस्पतीने वाढताना हवेतून घेतलेला कार्बनच जळताना हवेत परत जातो, हे खरे; पण शेतातील सारेच उचलले तर जमीन निःसत्त्व होते. तुरीच्या काड्यांवर तर कित्येक घरांची चूल पेटते. त्या कारखान्याने घेतल्या, तर त्यांचे दाम गृहिणीच्या हाती पडले पाहिजेत आणि चुलीसाठी दुसरे इंधनही मिळाले पाहिजे.

भुसा गुरांचा, धसकटे मातीची आणि टरफले, तिळाच्या काड्या व बेशरम यंत्राची, अशी वाटणी पाळली तरच हे इंधन बुंदेलखंडास खऱ्या अर्थाने परवडेल.