पाण्यातला वाघ

'असे झाले तर?' या प्रश्नाचे तर्कशुद्ध उत्तर म्हणजे विज्ञानकथा, ही व्याख्या मी कित्येक वर्षे वर्गात सांगत आलो आहे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी जयंत नारळीकरांनी टोपणनावाने पाठवलेल्या 'कृष्णविवर'पासून पुढचे बरेचसे लेखन शिकवताना ती मला पुरली. गेल्या हिवाळ्यात बोदलकसा येथे मात्र ती अपुरी पडली.

एम.ए.च्या विद्यार्थ्यांना घेऊन तलावावर गेलो होतो. जेवणे झाल्यावर लॅपटॉपवर 'वेड' हा ॲनिमेशनपट दाखवला. शीर्षकाचा आपल्या 'वेडा'शी संबंध नाही. पाण्यातून वाट काढत चालणे, असा त्या इंग्रजी शब्दाचा अर्थ. कोलकात्याच्या घोस्ट ॲनिमेशनच्या उपमन्यू भट्टाचार्य आणि कल्प संघवी यांचे हे दिग्दर्शन. २०२० साली फ्रान्समधील आनसी महोत्सवात तो गौरवला गेला. समुद्र चढून कोलकाता राहण्याजोगे उरलेले नाही; पाण्याखालच्या रस्त्यांवरून निर्वासितांचे एक कुटुंब चालले आहे, आणि तिथेच वाघ गाठतो.

या कृतीचे बळ तिच्या संयमात आहे. दिग्दर्शकांनी जगाचा एकच नियम बदलला आहे: पाण्याची पातळी. बाकी भूक, भीती, पोरांना जवळ ओढणे, सारे ओळखीचे. प्रत्यक्ष चित्रित केलेला वाघ कदाचित वन्यजीवपटातला वाटला असता. रेखाटलेला वाघ दुःस्वप्नातून आल्यासारखा येतो.

हे सारे मी उत्साहाने सांगत होतो. तेवढ्यात नागझिऱ्याच्या कडेच्या गावातली एक विद्यार्थिनी म्हणाली, "सर, ह्याच्यात भविष्य कोणतं? मोहफुलं वेचायला आम्ही पहाटे निघतो, तेव्हा असंच असते. माझी काकू तशीच गेली."

दोन वर्षे ती माझ्या वर्गात होती. मला हे ठाऊक नव्हते.

थोड्या वेळाने तीच म्हणाली, "पण त्या वाघाचंही घर बुडालं आहे. काकूच्या वेळी मला नुसता राग आला होता."

माझ्या विवेचनात आले नव्हते ते तिच्या या दोन वाक्यांत आले. महानगराला जे 'झाले तर' वाटते, ते जंगलाच्या कडेला कधीच होऊन गेलेले असते. समोरचा तलाव १९१७ सालचा. त्याच्या पाण्याखालीही कधीकाळी जमीनच होती.

व्याख्या मी अजून शिकवतो. मात्र 'असे झाले तर?' नंतर आता आणखी एक प्रश्न विचारतो: 'आणि हे कुणाला आधीच झाले आहे?'