मामा, तो डबा

प्रिय मामा,



फडताळातला तो बिस्किटांचा डबा अजून भरलेलाच असेल, नाही का? कुणाच्या दाढदुखीतल्या उरलेल्या प्रतिजैविकांच्या गोळ्या, कुणाच्या खोकल्यातल्या. शेजारचं कुणी कण्हत आलं की तुम्ही डबा काढता, "दोन घे, उतार पडेल." देहूरोडात कितीजणांनी तुम्हाला दुवा दिला असेल! तरी आज भांडायलाच लिहितेय.

रागावणं सोपं नाही. 1954 साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, पुढच्याच वर्षी पेनिसिलिन निघू लागलं. तिथे तुमची हयात गेली. लोकलने दमून यायचात आणि फर्मेंटरच्या गोष्टी सांगायचात: एक परका जंतू शिरला तर सगळी बॅच वाया! जंतूंना इतकं ओळखणारे तुम्ही. गोळी पोटातून पुढे कुठे जाते, हे कसं कधी मनात आलं नाही?

बरंचसं औषध लघवीवाटे तसंच बाहेर पडतं. गटारात जंतूंची गर्दी असते. तिथे औषधाचा सौम्य मारा सोसून उरलेले जंतू तगतात, आणि तगण्याची ती जनुकं दुसऱ्या जातीच्या जंतूंनाही देऊन टाकतात. आपल्या मुठेचंच बघा. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पुण्याच्या वरच्या अंगापेक्षा शहरातल्या गाळात ही जनुकं तीसपटींपर्यंत जास्त आढळली. त्यात अगदी शेवटी वापरायच्या औषधांना दाद न देणारीही होती. कारण काय, तर शुद्ध न करता सोडलेलं सांडपाणी.

कारखान्यांचं तर विचारूच नका. हैदराबादजवळ पटणचेरूत औषध कंपन्यांचं सांडपाणी शुद्ध करणारं केंद्र आहे. तिथून बाहेर पडणाऱ्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक लिटरला 31 मिलिग्रॅमपर्यंत भरलं, असं 2007 साली प्रसिद्ध झालं. गोळी घेतलेल्या माणसाच्या रक्तातही एवढं नसतं, मामा!

आपलं गाव इंद्रायणी आणि पवनेच्या मधे. दोन्हींचं पाणी शेवटी भीमेला मिळतं. तुम्ही दर आषाढीला चंद्रभागेत बुडी मारता, ती हीच भीमा ना?

सरकारने जानेवारी 2020 च्या मसुद्यात कारखान्यांच्या सांडपाण्यातल्या प्रतिजैविकांना मर्यादा घातल्या होत्या. 2021 च्या अंतिम नियमांतून त्या गळाल्या. हे वाचल्यापासून मी धुमसतेय.

म्हणून रविवारी येतेय. डबा गटारात रिकामा करू नका, आणि आता कुणाला त्यातली गोळीही देऊ नका. आपण डॉक्टरांना विचारू. मग त्या मर्यादा परत आणा, असं केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाला लिहायचंय. तुमच्या पेन्शनर मित्रांनाही बोलावून ठेवा. ज्यांनी हे औषध हाताने घडवलं, त्यांच्या सह्या हव्यात मला. खर्डा मात्र तुम्हीच लिहायचा; तुमच्यासारखं कडक पत्र आपल्या घरात दुसऱ्या कुणाला जमत नाही.

तुमची भाची